सतरा नंबर, उभा राहा

उभा राहा. चव्वेचाळीस वर्षांचा झालास, कानशिलावरचे केस पिकले, हिंजवडीत तुझ्या हाताखाली तीस माणसं काम करतात, हे सगळं मला ठाऊक आहे. तरी उभा राहा. दहावी ब, हजेरीपटावर सतरावा. माझ्यापुढं चूक केली की उभं राहून ऐकायचं, हा नियम अजून कुणी रद्द केलेला नाही.

आणि तो फोन आधी टेबलावर पालथा ठेव. आल्यापासून अर्ध्या तासात अकरा वेळा दंडावरच्या सेन्सरला लावून बघितलास. मी मोजलं. गणिताच्या बाईंसमोर मोजण्यासारखं काही केलंस तर ते मोजलं जाणारच.

गुरुपौर्णिमेला आठवणीनं आलास, बरं वाटलं. अर्धा किलो कंदी पेढेही आणलेस. एका मधुमेह्यानं दुसऱ्या मधुमेह्याला पेढे द्यायचे, ह्या शहाणपणाबद्दल नंतर बोलू. आधी ह्या कागदाचं बघू. "बाई, सेन्सरचा चौदा दिवसांचा रिपोर्ट. सरासरी १५४, एचबीएवनसी सात. डिस्टिंक्शन!" केवढ्या तोऱ्यात पुढं केलास! तू चहा पीत होतास तेवढ्यात मी तो वाचला. तू मात्र वाचलेला नाहीस. वरची एक ओळ बघितलीस आणि खूश झालास. शाळेतही हेच. प्रगतिपुस्तकातली टक्केवारी अंगठ्याजवळ धरायची, लाल रेघा बोटाखाली झाकायच्या आणि वडिलांची सही घ्यायची.

पहिली गोष्ट, हा सात म्हणजे एचबीएवनसी नव्हे. रक्त कुणी काढलं तुझं? यंत्रानं १५४ ला ०.०२३९२ नं गुणलं, त्यात ३.३१ मिळवले, ६.९९ आले. सरासरीवरून बांधलेला हा अंदाज. जीएमआय म्हणतात त्याला, कागदावर तसं छापलंयसुद्धा. प्रयोगशाळेतला आकडा ह्याच्याशी जुळेलच असं नाही. अंगात रक्त कमी असेल, लोह कमी असेल, तर एचबीएवनसीची फसगत होते.

आता सरासरीकडं ये. मराठीत नव्वद आणि इंग्रजीत अठरा, सरासरी चोपन्न. पास का नापास? बोल ना. नापास. कारण पास प्रत्येक विषयात व्हावं लागतं. तुझी सरासरी तशीच निघाली आहे. खालचा रंगीत खांब बघितलास? ७० ते १८० च्या पट्ट्यात तू दिवसाचा ५८ टक्के वेळ आहेस. १८० च्या वर ३३ टक्के. आणि ७० च्या खाली ९ टक्के. हे नऊ तू बोटाखाली झाकलेस. चोवीस तासांचे नऊ टक्के किती होतात? फोनला हात लावू नकोस, तोंडी कर. दोन तास दहा मिनिटं. रोज. रोज दोन तास तुझी साखर सत्तरच्या खाली असते आणि तू डिस्टिंक्शन म्हणतोस.

२०१९ साली जगभरच्या तज्ज्ञांनी बसून ह्या खांबाची पासिंगची अट ठरवली. तुझ्यासारख्या धडधाकट माणसानं ७० ते १८० च्या मध्ये किमान ७० टक्के वेळ असावं, म्हणजे पावणेसतरा तास. सत्तरच्या खाली चार टक्क्यांपेक्षा कमी, म्हणजे तासभरसुद्धा नाही. ५४ च्या खाली एक टक्का, पाव तास, त्याच्याही आत. वरच्या बाजूला १८० पलीकडं २५ टक्क्यांच्या आत, २५० पलीकडं पाचच्या आत. माझ्यासारख्या म्हातारीला वरच्या बाजूला सूट आहे, पट्ट्यात निम्मा वेळ असलं तरी चालतं. खाली मात्र मला एकच टक्का, कारण म्हातारं माणूस साखर उतरून पडलं की खुब्याचं हाड मोडतं. गरोदर बाईचा पट्टा आणखी वेगळा. तेव्हा आपली उत्तरपत्रिका दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेशी ताडून बघायची नाही. त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी आपापले आकडे टाकता ना तुम्ही? क्रिकेटच्या स्कोअरसारखे? बंद कर ते.

हा शेजारचा ४२ टक्के म्हणजे चढउताराचा आकडा. ३६ पर्यंत ठीक. तुझी साखर झोपाळ्यावर बसली आहे, आणि सरासरी म्हणजे झोपाळ्याची मधली जागा. तिथं तो थांबतो किती वेळ?

बस आता. पाणी घे.

आज सकाळचं सांगते. दारात आलास, बूट काढत होतास आणि फोन ओरडला. मी विचारलं, हे काय? "काही नाही बाई, लो अलार्म. कटकट करतो." मग मी तुझ्याकडून काढून घेतलं की पुण्याहून निघताना तो कटकट करू नये म्हणून तू त्याचा आवाज बंद केला होतास आणि इथं पोचल्यावर चालू केलास. खंबाटकी घाटात शिरण्याआधी बघितलंस तेव्हा १०४ होते. "१०४ म्हणजे उत्तमच की!" बाण कुठं होता? सरळ खाली. बऱ्याच सेन्सरांत सरळ खाली बाण म्हणजे मिनिटाला दोनपेक्षा जास्त उतरण. दोनच धर. पंधरा मिनिटांत तीस गेले, ७४ उरले. वीस मिनिटांत ६४. चौथीतल्या मुलाला येईल ही वजाबाकी. १०४ आणि आडवा बाण असता तर मी काही बोलले नसते. १०४ आणि खाली बाण घेऊन घाटात ट्रकांच्या मधून गाडी चालवणं हा गुन्हा आहे. त्या ट्रकवाल्याच्या घरीही बायकापोरं आहेत. ह्यापुढं गाडी सुरू करण्याआधी आकडा आणि बाण दोन्ही बघायचे, आणि उतरता बाण असेल तर आधी काहीतरी खाऊन, थांबून, मग किल्ली फिरवायची. हे विनंती म्हणून सांगत नाही.

बाण वाचत नाहीस, आणि सेन्सर काय मोजतो तेही तुला माहीत नाही. रक्तातली साखर म्हणालास मघाशी. नाही रे. ती तार कातडीखालच्या पेशींमधल्या पाण्यातली साखर मोजते. रक्तातली साखर तिथं झिरपायला वेळ लागतो, पाच-दहा मिनिटं, कधी पंधरा. धोम धरणाचे दरवाजे उघडले की माहुलीच्या पुलाखाली पाणी त्या क्षणी चढतं का? आणि दरवाजे बंद केल्यावर त्या क्षणी उतरतं का? तू पुलावर उभा राहून धरणाबद्दल बोलतोयस. साखर स्थिर असेल तेव्हा पूल आणि धरण यांचं जुळतं. ती पळत असेल तेव्हा नाही. शिवाय शंभरच्या जागी नव्वद किंवा एकशेदहा दाखवलं तर तो सेन्सर वाईट ठरत नाही, एवढी त्याला मुभा आहे. तेव्हा "मघाशी ११२ होती, आता ११९, काय खाल्लं बरं मी?" असं डोकं धरून बसू नकोस. काही खाल्लेलं नाहीस.

ही पुलावरून धरण बघायची खोड तुला कुठं नडली, ते मंगळवारच्या पानावर आहे. रिपोर्टात रोजचं एकेक पान असतं, तू उलटलंच नसशील. सव्वानऊला जेवलास. दहा वाजून पाच मिनिटांनी २४०, बाण वर. घाबरलास आणि जेवणाआधी घेतलेलं इन्सुलिन पोटात असताना आणखी चार युनिट टोचलीस. पावणेअकराला बघितलंस, अजून २३६. "इन्सुलिन काम करत नाहीये." आणखी चार. अरे, भात कुकरला लावून दर दोन मिनिटांनी झाकण उघडतोस का तू? ते जलद इन्सुलिन म्हणतात त्याला, तरी त्याचा जोर यायला तास-दीड तास लागतो आणि असर चार तास टिकतो. एकावर एक तीन थर चढवलेस आणि रात्री एक वाजून वीस मिनिटांनी तिन्ही थर मिळून खाली आले. ५१. घामानं उशी भिजली, बायको उठली, तिनं साखरपाणी दिलं. इथपर्यंत ती बरोबर. पाच मिनिटांनी तू फोन लावलास, ५३. अजून वर येत नाही म्हणून फ्रीजमधलं श्रीखंड वाटीभर, दोन केळी, आणि काय ते, बिस्किटांचा पुडा. सकाळी २९२.

तीन सपाट चमचे साखर, म्हणजे पंधरा ग्रॅम, पाण्यात विरघळवून प्यायची. मग घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबायचं. मग बोटातून रक्त काढून बघायचं. सेन्सरवर नाही, बोटातून. पुलावरचं पाणी तेव्हा सर्वांत मागं असतं. अजून सत्तरच्या खाली असेल तर पुन्हा तीन चमचे. श्रीखंडातल्या साय-चक्क्यामुळं साखर उलट सावकाश चढते, ते लोसाठी नाही. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, ॲम्ब्युलन्स बोलवायची, हे बायकोला सांगून ठेवलंयस का? नाही ना. मग तिला काय सांगितलंयस? तिच्या फोनवरही तुझा ग्राफ दिसतो म्हणे, आणि दुपारी दोनला तुला ऑफिसात फोन येतो, "काय खाल्लंत?" हा फोन कुणालाच नको असतो, ना करणाऱ्याला ना घेणाऱ्याला. पाळत ठेवायला लावण्यापेक्षा तिला रात्री काय करायचं ते शिकव.

हसू नकोस, मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. गेल्या श्रावणात डॉक्टरांनी मलाही हा बिल्ला चिकटवला होता. पाचव्या रात्री दोन वाजता ओरडला. ६१. मी एकटी घरात. छातीत धडधड, हात कापायला लागले. साखर खाल्ली, वर एक बेसनाचा लाडू खाल्ला, खाटेवर बसून राहिले उजाडेपर्यंत. सकाळी २४०. आठव्या रात्री पुन्हा तेच, ६०. ह्या वेळी दिवा लावला, बोट टोचलं. ११७! मी डाव्या कुशीवर झोपते आणि सेन्सर डाव्या दंडावर. दंड अंगाखाली दाबला गेला की तिथलं पाणी हटतं आणि सेन्सर खोटीच उतरण दाखवतो. ग्राफवर ती ओळखता येते. साखर खरी उतरते तेव्हा घाटासारखी उतरते, ही विहिरीत पडल्यासारखी पडते आणि कूस बदलली की तशीच वर येते. म्हणजे पाचव्या रात्री मी साखर आणि लाडू खाल्ला तो एका कुशीवरून. गणिताची शिक्षिका, बत्तीस वर्षं नोकरी! आकडा बघून हात कापले ते आकड्यामुळंच. ग्लुकोमीटर आता उशाशी असतो. जे वाटतंय आणि जे दिसतंय ते जुळत नसेल तर बोट टोचायचं. सेन्सर लावल्याचा पहिला दिवसही तसाच कच्चा धरायचा.

आता मुख्य गोष्ट, आणि हीच तुला येत नाही. वाचणं.

माझ्या वडिलांना मधुमेह होता. १९७० नंतरची गोष्ट. न्हाणीघराच्या खिडकीत स्पिरिटचा दिवा, लाकडी चिमटा, काचेची परीक्षानळी आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची बाटली. पाच मिली द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकायचे, उकळायचं, रंग बघायचा. निळाच राहिला तर साखर नाही. मग हिरवा, पिवळा, नारिंगी, शेवटी विटकरी. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याखेरीज लघवीत उतरतच नाही, म्हणजे हे माप काही तासांनी उशिराचं आणि ओबडधोबड. लो तर त्यात दिसायचीच नाही. पण वडील रोज सकाळी भिंतीवरच्या कालनिर्णयात, दुधाच्या खुणेशेजारी, एक अक्षर लिहीत. नि, हि, पि, वि. तीन महिन्यांनी एकदा कॅलेंडर खाली काढून, चष्मा लावून पानं उलटत बसले आणि आईला हाक मारली. "अगं, दर सोमवारी वि आहे." रविवारी रात्री ते भजनाला जात. तिथं शिऱ्याचा प्रसाद द्रोणात वाढायचे, आणि वडील प्रसादाला नाही म्हणत नसत. दुसऱ्यांदाही म्हणत नसत. भजन त्यांनी सोडलं नाही. द्रोणाच्या जागी तळहातावर चिमूटभर घ्यायला लागले. पुढच्या महिन्यात सोमवारच्या चौकटीत हि यायला लागला.

दिवसाला एक अक्षर. तुला दर पंधरा मिनिटांनी एक आकडा धरला तरी दिवसाला ९६ मिळतात, चौदा दिवसांत १३४४. त्या माणसानं नव्वद अक्षरांत उत्तर काढलं आणि तू एवढ्या आकड्यांत "डिस्टिंक्शन" वाचलंस.

हा मोठा ग्राफ आहे ना, एजीपी म्हणतात त्याला, तो उगीच काढलेला नाही. चौदा दिवसांचे चौदा ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवून उजेडापुढं धरल्यासारखा आहे तो. एकच दिवस, रात्री बारा ते रात्री बारा, आणि त्यात चौदाही दिवस. मधली जाड रेघ म्हणजे त्या त्या वेळचं मधलं रीडिंग. भोवतीच्या गडद पट्ट्यात निम्मी रीडिंग्ज. बाहेरच्या फिक्या पट्ट्यात जवळजवळ सगळी. रेघ किती उंच ते तर बघायचंच, पण पट्टा किती रुंद तेही बघायचं. पट्टा अरुंद आणि उंच असेल तर रोज तेच घडतंय. औषधात, वेळेत किंवा ताटात एक ठरावीक चूक आहे, आणि ठरावीक चूक दुरुस्त करणं सोपं. पट्टा रुंद असेल तर रोज काहीतरी वेगळंच घडतंय. तिथं डोस वाढवून काही होणार नाही, तिथं माणूस सुधारावा लागतो.

तुझा पट्टा रात्री दहा ते दोन एवढा रुंद आहे की त्यातून एस.टी. जाईल. कधी साडेआठला जेवतोस, कधी अकराला, कधी इन्सुलिन आधी, कधी आठवल्यावर, कधी वर चार युनिट, कधी नाही. आणि तुझ्या लो सगळ्या तिथंच आहेत. म्हणून आधी तिथं हात घालायचा. आधी लो, मग रात्र, मग जेवणं, हाच क्रम. वरच्या १८० ला हात लावण्याआधी खालच्या ७० चा बंदोबस्त.

पहाटे चार ते सात तुझी रेघ १३० वरून १६५ ला सावकाश चढते, पट्टा अरुंद. त्यात तुझा दोष नाही. उठायच्या आधी शरीर स्वतःच साखर सोडतं. ते डॉक्टर बघतील.

आणि सकाळी नऊ ते अकरा. अरुंद, आणि २६० पर्यंत. रोज. मी विचारलं, काय खातोस? पोहे. मग शनिवारी का नाही चढली? दोन्ही शनिवारी १९० वरच थांबली आहे. "आठवत नाही बाई." आठवत नाही! म्हणून खोदून खोदून विचारलं, तेव्हा बाहेर आलं. पोहे शनिवारीही होते, तेवढेच होते. फक्त शनिवारी ऑफिस नाही, म्हणून इन्सुलिन घेऊन तू दूध आणायला खाली जातोस आणि वीस मिनिटांनी येऊन खातोस. एरवी एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातात पेन, सुई टोचून होते ना होते तोच पोहे तोंडात. पोहे धावत सुटतात, इन्सुलिन चपला शोधत असतं. दोन वर्षं तू पोह्यांवर खापर फोडलंस. बायकोनं पोहे सोडून ओट्स करून बघितले, त्यावरही तू वैतागलास. घोडं पेंड खात होतं दुसरीकडंच.

अर्थात हा माझा तर्क आहे. दोन शनिवार म्हणजे दोनच उदाहरणं, त्यावरून सिद्धता होत नाही. शनिवारी ऑफिसची धावपळही नसते, कदाचित तेही कारण असेल. म्हणून पडताळा घ्यायचा. तुझ्या इन्सुलिनला किती आधी घेतलेलं चालतं ते डॉक्टरांना विचार, आणि मग सोमवार, मंगळवार, बुधवार, तेच पोहे, तेवढीच वाटी, तेवढंच इन्सुलिन, फक्त मधलं अंतर बदल. एका वेळी एकच गोष्ट. तू काय करतोस, सोमवारी पोहे बंद, चालणं सुरू, मेथीचं पाणी सुरू, आणि गुरुवारी साखर उतरली की म्हणतोस "मेथीनं उतरली". एका समीकरणात तीन अज्ञात घेऊन बसलायस, एक तरी सुटेल का?

मी काय केलं ते ऐक. श्रावणी सोमवार, साबुदाण्याची खिचडी. १४२ वरून दीड तासात २६८. वर्षानुवर्षं मी म्हणत होते, श्रावणात औषध लागू पडत नाही. पुढच्या सोमवारी वाटीभर वरईवर दाण्याची आमटी आणि काकडीची कोशिंबीर. १९० ला थांबली. त्याच्या पुढच्या सोमवारी तेच ताट आणि जेवल्यावर पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या, १६५. महादेवाची काही तक्रार आली नाही. हे तीन आकडे माझ्या वहीत आहेत, फोनमध्ये नाहीत, कारण फोनला आकडा कळतो, खिचडी कळत नाही. तुझ्या ॲपमध्ये जेवण लिहायची जागा आहे. मी बघितली. कोरी आहे.

गैरहजेरीबद्दलही बोलायचंय. रिपोर्टात तीन दिवस पांढरे आहेत. मालवण ना? कोंबडी-वडे? फोन टेकवून वाचायच्या ह्या सेन्सरला आठ तासांचीच आठवण असते, हे तुला बरोबर ठाऊक होतं. फोन लावलाच नाहीस, म्हणजे पुरावाच नाही. परीक्षेच्या दिवशी पोट दुखायचं तुझं, तशातला प्रकार. अरे, ग्राफ खराब येईल म्हणून ज्या दिवशी बघत नाहीस, तोच दिवस बघायला ही चकती लावलेली असते. चौदा दिवसांपैकी ७० टक्के तरी आकडे असल्याशिवाय रिपोर्टावर विश्वास ठेवत नाहीत. आपल्या शाळेत ७५ टक्के हजेरी लागायची, इथं पाचाची सवलत आहे. तुझे ७६ भरलेत, काठावर. ह्या पांढऱ्या दिवसांबद्दल तुला कुणी फाशी देणार नव्हतं. साखर २८० दिसली असती, तर दिसली असती. २८० हा आकडा आहे, शिवी नाही.

हजारो रुपयांना पडते ही एक चकती, चौदा दिवसांनी कचऱ्यात. आयसीएमआरच्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले, देशात १०.१ कोटी मधुमेही. तुझ्या मालवणच्या पलीकडं गोव्यात तर प्रौढांत २६.४ टक्के. ह्यातल्या किती जणांना ही चैन परवडते? आमच्या शाळेतली शिपाईबाई महिन्याला चार स्ट्रिपा वापरते, आणि त्या चारही शहाणपणानं वापरते. एका रविवारी न्याहारीआधी आणि दोन तासांनी, पुढच्या रविवारी रात्रीच्या जेवणाआधी आणि दोन तासांनी. चार टिपक्यांवरून ती आपला ग्राफ मनात काढते. तू चौदा दिवस नुसती करमणूक केलीस.

आणि हे घेऊन डॉक्टरांकडं गेलास तेव्हा काय दाखवलंस? फोन पुढं केलास, "आत्ता १२६ आहे." त्यांनी त्या १२६ चं काय करायचं होतं? हा कागद दाखवला असतास आणि शेजारी तुझी वही ठेवली असतीस, तर पाच मिनिटांत त्यांनी रात्रीचं इन्सुलिन बदललं असतं. डोस मी सांगणार नाही, तूही मनानं बदलायचा नाहीस, ते त्यांचं काम. प्रश्न घेऊन जाणं हे तुझं काम. "रात्री एकच्या सुमाराला साखर उतरते, आठवड्यातून चारदा, उशिरा जेवलो की" असं एक वाक्य. आणि त्यांच्यासमोर शर्ट वर करून पोटही दाखव. रोज बेंबीच्या उजवीकडंच टोचतोस, हो ना? बोटानं चाचप, तिथं मऊ गाठ लागेल. गाठीत टोचलेलं इन्सुलिन कधी झिरपतं, कधी नाही. त्या रुंद पट्ट्यात तिचाही वाटा असेल.

ही घे. शंभर पानी, एका बाजूला समास आखलेला आहे. समासात वेळ. पुढं काय खाल्लं ते वाटीच्या मापात, "थोडंसं" हा शब्द चालणार नाही. इन्सुलिन किती आणि घासाआधी किती मिनिटं. चाललास का. झोप, ताप, साहेबाशी भांडण, जे असेल ते. फोन बघायचा सकाळी उठल्यावर, जेवणाआधी, जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना, गाडीला किल्ली लावण्याआधी, आणि अंगात काही वेगळं वाटलं तर. बाकी वेळ तो खिशात. अलार्मचा आवाज चालू.

पुढच्या रविवारी एस.टी.नं ये. वही आण, आणि त्यावर तुझा एक प्रश्न लिहून आण, एकच. पेढ्यांपैकी एक मी देवापुढं ठेवलाय, उरलेले जाताना शेजारच्या मुलांना दे. दंडावरच्या चकतीचा आज आठवा दिवस, अजून सहा चालेल. दुपारच्या जेवणात आज आमटी-भात आणि गवारीची भाजी आहे, बारा वाजून चाळीस मिनिटं झालीत. पहिली ओळ लिही, आणि मग हात धू.